लाट आकाशातली की दोरीची? हवामान-फुग्याच्या नोंदी वाचताना या चुका टाळा

हवामानाचा फुगा सेकंदाला साधारण 5 मीटर चढतो आणि 30 किलोमीटरच्या आसपास फुटतो. त्याला टांगलेल्या रेडिओसोंडेच्या (तापमान, वारा मोजून रेडिओवरून खाली कळवणाऱ्या यंत्राच्या) आलेखात स्थितांबरात, म्हणजे ढगांच्या थराच्या वरच्या हवेत, नागमोडी रेषा दिसली की 'गुरुत्व तरंग सापडला' म्हणायचा मोह होतो. (हे हवेतले हेलकावे, कृष्णविवरांच्या टकरीतून येणाऱ्या गुरुत्वीय लहरींशी त्यांचा संबंध नाही.) थांबा, आधी दोरी बघा.

30 मीटर दोरीवरचं यंत्र लंबकासारखं झुलतं. एका झोक्याला सुमारे 11 सेकंद लागतात, तेवढ्यात फुगा 55 मीटर वर गेलेला असतो. वाऱ्याच्या आलेखात दर 55 मीटरला वळण येत असेल, तर ते गाळून टाका. म्हणून दोरी आखूड करावी म्हणाल, तर दुसरंच दुखणं मागे लागतं. दिवसा फुगा उन्हानं तापतो आणि त्याला चाटून आलेली गरम हवा सेन्सरला लागते.

वरच्या विरळ हवेत ऊन सेन्सरलाही तापवतं. दुरुस्ती केली नाही तर एखाद्या अंशाची चूक सहज होते, आणि तरंगामुळे होणारा चढउतारही बऱ्याचदा एक-दोन अंशांचाच असतो! स्थितांबराचा शोध 1902 साली मांडणाऱ्या फ्रेंच हवामानशास्त्रज्ञ तेसरें द बोर यांना उन्हाचीच शंका होती. म्हणून त्यांनी रात्रीही फुगे सोडले.

खरा घोळ मात्र संगणकावर होतो. तरंग वेगळा काढायला सरासरी तापमानाची वक्ररेषा (बहुधा बहुपदी समीकरणाची) वजा करतात. तपांबरात, म्हणजे जमिनीलगतच्या थरात, तापमान उंचीबरोबर घटतं, स्थितांबरात वाढतं. मधल्या वळणावरून एकच गुळगुळीत रेषा ओढली की तिथे खोटी लाट तयार होते. दोन्ही थर वेगळे घ्या. मग बहुपदीची घात 2 ऐवजी 3 करून बघा. लाटेची लांबी लगेच बदलली, तर ती लाट तुमच्या रेषेची आहे. 18 ते 30 किलोमीटर एवढाच पट्टा हाती असेल, तर 10 किलोमीटर लांबीच्या तरंगावर पैज लावू नये.

वाऱ्याची दिशा उंचीनुसार घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत असेल, तर उत्तर गोलार्धात तरंगाची ऊर्जा वर चालली आहे असं धरतात. दक्षिण गोलार्धात हा नियम उलटा. तिथल्या नोंदींना उत्तरेचा नियम लावणारे बरेच भेटतात.

तरंगाचा आवर्तकाळ (एका हेलकाव्याला लागणारा वेळ) थेट मोजायला मात्र एक फुगा पुरत नाही. दिवसाला दोनच फुगे असतील, तर काही तासांचा तरंग निसटतो. अशा वेळी काही दिवस दर तीन तासांनी फुगे सोडा.