मराठी घर आणि परभाषेची शाळा: बडोद्यातील पालकांनी काय करावे

बडोद्यातील मराठी कुटुंबातले मूल घरी मराठी बोलते, गल्लीत गुजराती बोलते आणि शाळेत बहुधा इंग्रजी किंवा गुजराती माध्यमातून शिकते. त्या भाषेतला अभ्यास आपल्याला झेपणार नाही असे समजून अनेक पालक दुसरी-तिसरीतच शिकवणी लावून मोकळे होतात. तशी घाई करू नये. धडा शिकवणे हे शिक्षकांचे काम आहे. तो मुलाला कितपत समजला हे पाहण्याचे काम मात्र घरच्या भाषेतच अधिक चांगले होते.

रोज वीस मिनिटे ठरवून घ्यावीत आणि पुस्तक मिटून मुलाला एकच गोष्ट मराठीत समजावून सांगायला लावावी. ‘आज काय शिकवलं?’ या प्रश्नाला ‘काही नाही’ हेच उत्तर येते, म्हणून प्रश्न नेमका असावा. उदाहरणार्थ, दोरीवरचा ओला टॉवेल वाळतो तेव्हा त्यातले पाणी कुठे जाते? बाष्पीभवनाचा इंग्रजी किंवा गुजराती शब्द मध्ये आला तर टोकू नये, पण कारण त्याने स्वतःच्या शब्दांत सांगितले पाहिजे. जिथे ते अडखळेल तिथे वहीत पेन्सिलीने बारीक खूण करून ठेवावी.

इंग्रजी माध्यमातील मुलांच्या गणिताकडे विशेष लक्ष द्यावे लागते. मराठीत आणि गुजरातीतही ‘त्रेसष्ट’सारख्या संख्येत एकक आधी उच्चारला जातो, इंग्रजीत दशक आधी येतो, त्यामुळे आजीने ‘त्रेसष्ट’ म्हटले की नातू 36 लिहून मोकळा होतो. ‘एकोणतीस’ तर त्याहून फसवे, कारण त्यात ‘तीस’ ऐकू येते आणि मूल 39 लिहिते. हा गोंधळ भाषेचा आहे, बुद्धीचा नव्हे, आणि त्यावर रागावणे हा शुद्ध अन्याय होय. (महाराष्ट्रात बालभारतीने 2019 मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘साठ तीन’ अशी वाचनपद्धती आणली, तेव्हा केवढा वाद झाला होता!) दहा-दहा काड्यांचे गठ्ठे बांधून सहा गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या समोर ठेवाव्यात, आणि तीच संख्या मुलाकडून दोन्ही भाषांत म्हणवून घ्यावी. पंधरा दिवस नेमाने केल्यास फरक दिसू लागतो.

नोकरीनिमित्त नव्याने बडोद्यात आलेल्या पालकांनी गुजराती लिपी शिकून घ्यावी. देवनागरी येणाऱ्याला ती जड जात नाही. शिरोरेषा नसते आणि काही अक्षरे वेगळी असतात, इतकेच. मूल पहिलीत असेल तर त्याच्याबरोबरच शिकावे, आणि चुकल्यास त्यालाच सुधारू द्यावे.

शाळेच्या पालकसभेला, जिला इथे ‘वाली-मीटिंग’ म्हणतात, पेन्सिलीच्या खुणा असलेली ती वही घेऊन जावी. गुणांची चर्चा लांबवण्यापेक्षा मूल वर्गात स्वतःहून प्रश्न विचारते का, आणि समजले नाही तर गप्प बसते का, एवढेच शिक्षकांना विचारावे. सरकारी शाळेत मूल असेल तर याहून पुढे जाता येते. शिक्षण हक्क कायदा, 2009 नुसार तिथल्या शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्मे सदस्य महिला असाव्या लागतात. शाळेच्या विकासाचा आराखडा तयार करणे आणि अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणे ही तिची कामे आहेत. समितीची पुढची बैठक कधी आहे हे मुख्याध्यापकांना विचारावे आणि नुसत्या सहीपुरते सदस्य होऊ नये.

सयाजीराव महाराजांनी 1893 मध्ये अमरेली तालुक्यात आणि 1906 पासून सर्व राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, तेव्हा मुलांना शाळेत न धाडणाऱ्या पालकांना दंड होत असे. त्यांच्याच काळात, 1910 मध्ये सुरू झालेले मध्यवर्ती ग्रंथालय आजही मराठी पुस्तके बाळगून आहे. महिन्यातून एकदा मुलाला तिथे न्यावे, पुस्तक त्यालाच निवडू द्यावे आणि ते अभ्यासाचे नसले तरी हरकत घेऊ नये.