पेपर काढायला बसण्याआधी

सप्रमाणता (जे तपासायचं तेच चाचणी तपासते का) आणि विश्वसनीयता (पुन्हा घेतली किंवा दुसऱ्याने तपासली तरी गुण तेवढेच पडतात का) यांच्या व्याख्या बी.एड.ला सगळेच पाठ करतात. शाळेत रुजू झाल्यावर पहिली घटक चाचणी काढताना मात्र त्या कुणाला आठवत नाहीत. मी कोल्हापुरात गणित शिकवते. नव्याने या कामाला लागणाऱ्यांनी या दोन गोष्टी मनावर घ्याव्यात, असं मला कळकळीने वाटतं.

आधी सप्रमाणता. 'एका आदणातून 120 किलो गूळ निघाला, तर 10 किलोचे किती रवे होतील?' हा साधा भागाकार. आमच्याकडे एका चाचणीत हाच प्रश्न सात ओळींचा आला होता. ऊस कुणाचा, काहिली केवढी, गुऱ्हाळ कुठलं, सगळं त्यात. तोंडी झटक्यात उत्तर देणाऱ्या काही मुलांनी तो कोरा सोडला. त्यांत घरी कन्नड बोलणारी मुलं जास्त होती. त्यांचं वाचन तपासलं गेलं, भागाकार नाही. तोच पेपर पुन्हा दिला असता तरी गुण बहुधा तेवढेच पडले असते. म्हणजे चाचणी विश्वसनीय, पण सप्रमाण नाही. म्हणून संविधान तक्ता, म्हणजे कोणत्या घटकाला आणि उद्दिष्टाला किती गुण याचा आराखडा, पेपरच्या आधी भरा. पेपर झाल्यावर फाइलसाठी भरलेल्या तक्त्याचा काही उपयोग नाही.

विश्वसनीयता बऱ्याचदा तपासणीत निसटते. स्टार्च आणि इलियट या संशोधकांनी 1912 मध्ये अमेरिकेत इंग्रजीच्या त्याच उत्तरपत्रिका अनेक शिक्षकांकडून तपासून घेतल्या, तर गुणांत प्रचंड तफावत निघाली. गणितात असं होत नाही, असं आपल्याला वाटतं. पुढच्याच वर्षी त्यांनी भूमितीचा पेपर घेतला, तिथेही तेच! म्हणून सूत्राला किती, मांडणीला किती, उत्तराला किती, हे आधी लिहून ठेवा. सगळ्यांचा पहिला प्रश्न तपासा, मग सगळ्यांचा दुसरा. शेजारच्या तुकडीच्या शिक्षकांशी थोडे पेपर बदलून पाहा.

चाचणीची लांबीही बघा. विश्वसनीयता 0 ते 1 या मापात सांगतात. ती 0.60 असलेल्या चाचणीत त्याच दर्जाचे तितकेच प्रश्न वाढवले, तर स्पिअरमन-ब्राऊन सूत्राने (लांबी बदलल्यावर विश्वसनीयता किती होईल, हे ते सांगतं) ती 0.75 होते. त्यामुळे पाच प्रश्नांच्या चाचणीवरून पालकसभेत कुणाला 'गणितात कच्चा' म्हणू नका. आधी त्याची वही बघा, फळ्यापाशी बोलावून एक उदाहरण सोडवून घ्या.