फौजी बिल्ले जमवताना या चुका टाळा: आधी मुकुट पाहा

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पितळी बिल्ला उचलला की विकणारा हमखास सांगतो, ‘ब्रिटिशांच्या वेळचा, पूना हॉर्सचा!’ आपण नाव वाचतो आणि पैसे मोजतो. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. आकडा, नाव आणि मुकुट एकाच काळातले आहेत का, हे आधी जुळवावं.

पूना हॉर्सचंच घ्या. पेशव्यांशी झालेल्या १८१७ च्या पुणे करारातून हा रिसाला उभा राहिला. १९०३ मध्ये त्याला ३४ हा क्रमांक मिळाला, १९२१ मध्ये तो ३३ व्या लाइट कॅव्हलरीत मिसळला आणि पुढच्या वर्षी १७ क्रमांकाचा झाला. त्या फेरबदलात घोडदळाच्या ३९ रेजिमेंटच्या २१ झाल्या. म्हणजे ‘३४’ कोरलेला बिल्ला १९०३ ते १९२१ मधलाच हवा. तेव्हा गादीवर राजे होते, त्यांच्या मुकुटाच्या कमानी घुमटासारख्या गोल. एलिझाबेथ राणीच्या मुकुटाच्या कमानी मध्यभागी दबलेल्या असतात. ती १९५२ मध्ये गादीवर आली, आणि तोवर आपल्या फौजेच्या चिन्हांवर मुकुटाऐवजी अशोकाचे सिंह आले होते. तिचा मुकुट असलेला ‘३४’ सरळ परत ठेवा. मात्र १७ व्या रेजिमेंटच्या नावातच व्हिक्टोरिया राणी होती, म्हणून तिची अक्षरं दिसली तर बिल्ला तिच्या हयातीतला समजू नका, खोटाही ठरवू नका.

याच हिशेबाने, गोवा मुक्तीत उतरलेल्या ७ व्या लाइट कॅव्हलरीचा ‘१९६१ चा’ म्हणून मुकुटवाला बिल्ला दाखवला तर तारीख जुळत नाही. जुन्या पेट्यांतून पोर्तुगीज बिल्ले निघतात, तिथेही मुकुट बोलतो: पोर्तुगालची राजसत्ता ५ ऑक्टोबर १९१० ला गेली.

मागची बाजू न पाहता घेऊ नका. ठशाने दाबलेल्या बिल्ल्याच्या मागे पुढच्या नक्षीचा खळगा दिसतो. ओतीव नकलेत बारीक छिद्रं आणि बोथट कडा असतात. पण इथल्या कारागिरांनीही फौजेसाठी बिल्ले ओतून दिले आहेत, त्यामुळे ओतीव म्हणजे नकली असा शिक्का घाईने मारू नये.

आता सगळ्यात दुखरी गोष्ट. चिंच आणि राख लावून घासू नका! माझा पहिला बिल्ला मी देवघरातल्या समईसारखा लख्ख केला आणि घोड्याच्या आयाळीच्या रेषा कायमच्या गेल्या. शंभर वर्षांचा काळपटपणा ही त्या वस्तूची कातडी आहे. गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत पितळेवर फिकट हिरवी भुकटी धरते, आणि क्षार आत राहिले तर ती पुसूनही परत येते. मऊ ब्रश, डिस्टिल्ड पाणी, लगेच पूर्ण कोरडं करणं, मग डब्यात सिलिका जेलची पुडी, एवढं पुरतं. पीव्हीसीची पाकिटं वापरू नका. पावसाळ्यात पुडी बदलत राहा.

आणखी एक. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात, म्हणजे जुन्या वस्तू देशाबाहेर नेण्यावर बंधन घालणाऱ्या कायद्यात, येऊ शकते, म्हणून परदेशी मित्राला भेट देऊ नका.

बिल्ला कुणाकडून, कधी, कुठल्या घरातून मिळाला ते त्याच दिवशी लिहा. माझ्याकडे एका साध्या शिक्क्याच्या बटणासोबत पेन्सिलीने लिहिलेला कागद आहे, ‘आजोबांच्या कोटाचं’. ते बटण मी कोणत्याही किमतीला देणार नाही.