बऱ्याच वर्षांनी कोडिंगकडे परतताय? आधी ‘पासवर्ड विसरलात?’ नीट लिहा

छंदासाठी सभासद-खाती असलेली साइट काढायची आहे, पण कोडिंग सुटून जमाना झाला, अशांसाठी हे लिहितेय. लूप, फंक्शन, टेबलं यांची धास्ती घेऊ नका. हात पुन्हा बसतो. घात करतं ते जुनं पाठांतर. आम्ही पीएचपी या भाषेत मायएसक्यूएल डेटाबेससाठीची जी जुनी फंक्शनं घोकली, ती २०१५ साली आलेल्या पीएचपी ७ मधून काढूनच टाकली आहेत. पासवर्डचा एमडी५ हॅश, म्हणजे त्यावरून काढलेला, उलटा न फिरवता येणारा ठसा, ठेवणं तर आता विसराच. तो हॅश इतका झटपट निघतो की डेटाबेस चोरीला गेला तर सेकंदाला कोट्यवधी अंदाज ताडून बघता येतात. बीक्रिप्ट, आर्गॉन२ या हॅशच्या पद्धती मुद्दाम संथ केलेल्या आहेत, त्या वापरा. बीक्रिप्ट मात्र फक्त ७२ बाइटच विचारात घेतं, आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, ३ बाइट खातं. म्हणजे २४ चिन्हांपुढचा पासवर्ड असून नसल्यासारखा.

लॉगिन शिकण्यासाठी स्वतः जरूर लिहा, पण साइटवर लॅराव्हेल किंवा जँगो अशा तयार फ्रेमवर्कमधलंच चढवा. यात कमीपणा काही नाही.

मला खरं रडवलं ते पासवर्ड बदलण्याच्या लिंकने. लॉगिनला कितीही कुलपं लावा, ही लिंक ज्याच्या हाती, खातं त्याचं. म्हणून तिच्यातलं टोकन, म्हणजे लिंक ओळखायची गुप्त अक्षरमाळ, सुरक्षित रँडम जनरेटरमधूनच घ्या. वेळ किंवा सभासद क्रमांक यांवरून बनवलेलं टोकन ओळखता येतं. डेटाबेसमध्ये टोकन नाही, त्याचा हॅश ठेवा. तासाभरात ते बाद व्हावं, एकदाच चालावं.

या ‘एकदाच’मध्येच सगळी गोम आहे. काही सभासद सारखे सांगायचे, “लिंक चालत नाही, आधीच वापरलेली आहे असं येतं.” कोड पुन्हा पुन्हा वाचला, त्यात काही सापडेना. शेवटी सर्व्हरचा लॉग उघडला. मेल गेल्यावर काही सेकंदांतच लिंक उघडलेली, तीही अनोळखी आयपी पत्त्यावरून. बऱ्याच कचेऱ्यांच्या मेल सर्व्हरवर आलेली प्रत्येक लिंक धोकादायक आहे का हे आपोआप उघडून तपासतात. माणूस मेल वाचण्याआधीच त्या तपासणीत टोकन खर्ची पडत होतं. तेव्हा लिंक उघडल्यावर फक्त फॉर्म दाखवा, टोकनला हात लावू नका. नवा पासवर्ड भरून बटण दाबलं, पोस्ट विनंती आली, की मगच ते बाद करा, आणि त्याच क्षणी त्या खात्याची बाकी सगळी सेशन्स, म्हणजे इतरत्र चालू असलेली लॉगिनंही, बंद करा. ईमेल पडताळणीच्या लिंकलाही हेच लागू आहे, नाहीतर माणसाने न उघडलेला पत्ताही ‘पडताळलेला’ दिसतो.

मेल पोचतच नसेल तर कोड उकरत बसू नका, आधी डीएनएस, म्हणजे तुमच्या डोमेनच्या नोंदी, बघा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला पाठवणाऱ्या प्रत्येकाकडे एसपीएफ किंवा डीकेआयएम, म्हणजे मेल खरंच तुमच्या डोमेनवरून आली हे पटवणाऱ्या नोंदींपैकी एक, असावीच लागते. दोन्ही लावा.

एआयकडून कोड लिहून घ्यायला माझी हरकत नाही. फक्त लॉगिनच्या भागातली जी ओळ तुम्हाला समजावून सांगता येत नाही, ती ठेवू नका. मार्गदर्शकही असाच निवडा. “ही लायब्ररी टाक, झालं” म्हणणाऱ्यापेक्षा “मेल दोनदा मागितली तर काय होईल?” असं विचारणारा कितीतरी जास्त शिकवतो, मग भले तो वयाने लहान असो.

हे सगळं वाचून दडपण आलं असेल. पण यातला बराचसा भाग एकदाच करायचा असतो, आणि तो जमतो. सुरुवातीला ओळखीच्याच चारजणांना खाती द्या, लॉग रोज बघा. जन्मतारीख, फोन नंबर गरज नसताना मागू नका. आणि खातं पुसून टाकायची सोय पहिल्याच आवृत्तीत ठेवा. पुढे त्या सभासदाच्या नोंदी इतक्या टेबलांत पसरतात की काय पुसायचं नि काय ठेवायचं हे ठरवतानाच दमछाक होते.