क्यूसॅम, बीसॅम की व्हीसॅम: मेनफ्रेमवर फाइल कशी निवडावी

प्रोग्राम रेकॉर्ड कसा मागणार आहे, हे आधी ठरवा. आयबीएमच्या झेड/ओएस या मेनफ्रेम ऑपरेटिंग सिस्टिमवर ॲक्सेस मेथड, म्हणजे क्यूसॅम, बीसॅम किंवा व्हीसॅम यांसारखी फाइल वाचण्या-लिहिण्याची पद्धत, त्यावरूनच ठरते.

फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायची असेल तर क्यूसॅम पुरतं. गेट ही आज्ञा दिली की एक रेकॉर्ड मिळतो. ब्लॉक (डिस्कवर एकत्र ठेवलेला रेकॉर्डचा गठ्ठा) फोडणं, पुढचे बफर (मेमरीतल्या तात्पुरत्या जागा) भरून ठेवणं क्यूसॅम स्वतः बघतं. बीसॅममध्ये रीड अख्खा ब्लॉक आणतं आणि तो आला का, हे चेक देऊन तुम्हीच पाहायचं. चेक राहिलं तर अर्धवट भरलेला बफर वाचला जातो. 80 बाइटचे रेकॉर्ड ब्लॉक न करता ठेवले, तर 3390 डिस्कच्या ट्रॅकवर 78 मावतात. ब्लॉकसाइज 27920 असेल तर 698. एवढा फरक पडतो, म्हणून ब्लॉकसाइज 0 लिहून हिशोब सिस्टिमवर सोडा.

खातेक्रमांक देऊन नेमका रेकॉर्ड हवा असेल तर व्हीसॅमची केएसडीएस, म्हणजे की (रेकॉर्ड ओळखायचं मूल्य, इथे खातेक्रमांक) च्या क्रमाने ठेवलेली फाइल. इथे खरा घोळ फ्रीस्पेसचा, म्हणजे नव्या रेकॉर्डसाठी राखून ठेवलेल्या मोकळ्या जागेचा, होतो. 4096 बाइटच्या कंट्रोल इंटर्व्हलमध्ये (व्हीसॅम एका वेळी वाचतं-लिहितं तो तुकडा) 200 बाइटचे 20 रेकॉर्ड बसतात. फ्रीस्पेस(20 10), म्हणजे इंटर्व्हलमध्ये 20 टक्के आणि कंट्रोल एरियात (इंटर्व्हलच्या गटात) 10 टक्के जागा मोकळी, असं दिलं तर लोड होताना 16 भरतात, म्हणजे मध्ये आणखी चार घालता येतात. पाचवा आला की इंटर्व्हल दुभंगतो. कंट्रोल एरियात मोकळा इंटर्व्हलच उरला नसेल तर ती एरियाच दुभंगते. एक सिलिंडरच्या (डिस्कवरच्या ट्रॅकच्या एका गटाच्या) एरियात असे 180 इंटर्व्हल असतात. त्यांतले निम्मे हलवावे लागतात आणि ऑनलाइन व्यवहार तेवढा वेळ अडतो. फाइलची माहिती दाखवणाऱ्या लिस्टकॅट आज्ञेत स्प्लिटचे, म्हणजे असं दुभंगण्याचे, आकडे नियमित बघा. नवी की नेहमी शेवटीच पडत असेल तर मधली मोकळी जागा वाया जाते. तिथे फ्रीस्पेस(0 0) ठेवा.

लोड करण्याआधी इनपुट कीप्रमाणे सॉर्ट करा, नाहीतर फाइल भरणारी रेप्रो आज्ञा क्रम चुकल्याचा आयडीसी3314आय संदेश देते. फाइल तयार करताना दिलेल्या कीज(10 0) मधला पहिला आकडा कीची लांबी, दुसरा ऑफसेट (रेकॉर्डमध्ये की कुठून सुरू होते ते), आणि तो शून्यापासून मोजतात. कोबोल प्रोग्राममधल्या व्याख्येशी जुळला नाही तर फाइल स्टेटस (फाइलच्या कामाचा निकाल सांगणारा कोड) 39 येतो. कधीच लोड न झालेली केएसडीएस इनपुटसाठी उघडली तर 35. त्यासाठी आधी एक डमी रेकॉर्ड घालून ठेवा.

ईएसडीएस या व्हीसॅमच्याच दुसऱ्या प्रकारच्या फाइलमध्ये भर शेवटीच पडते आणि रेकॉर्ड पुसता येत नाही, त्यामुळे ती लॉगसाठी चांगली. आरआरडीएस ही व्हीसॅमची आणखी एक फाइल, ती क्रमांकाच्या खणावर चालते. आयसॅम या व्हीसॅमच्या आधीच्या पद्धतीच्या जुन्या फाइली झेड/ओएस 1.7 पासून वाचताच येत नाहीत. अशी फाइल हाती आली तर ती जुन्या सिस्टिमवरच क्रमवार फाइलमध्ये उतरवून घ्या आणि मग केएसडीएसमध्ये भरा.