वटवाघळांच्या दीर्घायुष्यावर काम करायचंय? आधी वयाचं बघा

एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षी मी पुण्यात वटवाघळांच्या दीर्घायुष्याचा विषय प्रबंधासाठी घेतला. पहिल्याच फेरीत, शहराबाहेरच्या एका जुन्या देवळात, माझ्या मार्गदर्शक मॅडमनी हातमोज्यात धरलेल्या वटवाघळाचा पंख अलगद पसरला, मागून टॉर्च धरला आणि म्हणाल्या, "सांग बघू, वय काय असेल?" पिल्लाच्या बोटांच्या सांध्यातून उजेड आरपार दिसतो, कारण तिथे अजून कूर्चा असते. पुढे तिचं हाड होतं आणि सांधा गाठीसारखा गच्च होतो. आमच्या हातातला गच्च होता. म्हणजे प्रौढ. पण दोन वर्षांचं की वीस? ते सांध्यावरून कळत नाही. या विषयात येऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगते: जनुकांचं नंतर, पहिला प्रश्न वयाचा.

विषयाचं वेड लागावं असं यात खूप आहे. उंदीर दोन-तीन वर्षं जगतो. सायबेरियात खूण करून सोडलेला ब्रँट मायोटिस या वटवाघळाच्या जातीचा एक नर निदान 41 वर्षांनी जिवंत सापडला. या जातीचं वजन सात ग्रॅमच्या आसपास, म्हणजे रुपयाच्या दोन नाण्यांएवढं. आपल्याकडच्या पाकोळ्यांसारखाच चिमुकला जीव. 2013 मध्ये या जातीचा जीनोम, म्हणजे डीएनएची सगळी अक्षरं, वाचला गेला, तेव्हा वाढीच्या हार्मोनचा आणि आयजीएफ-1 या वाढीच्याच दुसऱ्या हार्मोनचा निरोप पेशीत घेणाऱ्या दोन प्रथिनांत (ग्राहकांत) वेगळे बदल दिसले. याच वाटेत बिघाड असलेले बुटके उंदीर जास्त जगतात, म्हणून संशय तिकडे जातो. पण तो संशयच. एका जातीतला बदल दिसला म्हणून आयुष्याचं कोडं सुटलं असं लिहू नका. मी पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं आणि मॅडमनी त्या ओळीवर लाल काट मारली.

मला जास्त भावतं ते डब्लिनच्या एमा टीलिंग यांच्या गटाचं आणि फ्रान्समधल्या सहकाऱ्यांचं काम. गुणसूत्रांच्या टोकांना टेलोमिअर नावाचे संरक्षक तुकडे असतात आणि बहुतेक प्राण्यांत ते वयाबरोबर आखूड होत जातात. 2018 मध्ये चार जातींची तुलना झाली. मोठ्या नालपाकोळीत आणि श्रायबरच्या वटवाघळात ते आखूड होतात, पण मायोटिस गटातल्या दोन जातींत तसं दिसलं नाही. शिवाय त्यांतल्या मोठ्या मायोटिसच्या रक्तात आणि पंखाच्या पेशींत टेलोमरेज, म्हणजे टेलोमिअर पुन्हा लांबवणारं विकर, चालू असल्याची खूणही मिळाली नाही. ते चालू राहिलं तर कर्करोगाचा धोका असतो, म्हणून ही गोष्ट फार मोलाची. एटीएम आणि एसईटीएक्स ही डीएनएच्या दुरुस्तीशी जोडलेली जनुकं तेव्हापासून चर्चेत आहेत. हे कळलं कशामुळे? खूण केलेली तीच वटवाघळं वर्षानुवर्षं पुन्हा पकडून पंखाचा टाचणीच्या डोक्याएवढा तुकडा घेतल्यामुळे. यंत्र कितीही महागडं असलं तरी ही वाट पाहणं टळत नाही.

आता कामाचं बोलू. पुण्यात राहून सुरुवात जीनोमच्या सर्वांसाठी खुल्या माहितीपासूनच करा. लिनक्स, पायथन आणि आर एवढं संगणकाचं काम दोन महिन्यांत बऱ्यापैकी बसतं. माझी मोठी चूकही इथेच झाली. एका जनुकात मायोटिसमध्ये ओळीने अकरा अमिनो आम्लं (प्रथिनाचे घटक) वेगळी दिसली आणि मी रात्रभर आनंदाने झोपले नाही. तीन आठवडे त्यावर गणितं केली. मग डीएनएची मूळ अक्षरं एकेक करून डोळ्यांनी पाहिली, तर जीनोम जोडताना एक अक्षर गळलं होतं. एकेक अमिनो आम्ल ठरवणारे तीन-तीन अक्षरांचे गट तिथून सरकले आणि अकरा अमिनो आम्लांनंतर दुसऱ्या चुकीने परत जुळले. नैसर्गिक निवडीचा पुरावा वगैरे काही नव्हतं. तेव्हापासून 'निवड झाली' असं सॉफ्टवेअरने सांगितलं की मी आधी जुळणी, म्हणजे वेगवेगळ्या जातींची अक्षरं शेजारी-शेजारी मांडलेली, उघडून बघते.

प्रत्यक्ष वटवाघळं हाताळायची असतील तर रेबीजची प्रतिबंधक लस आधी पूर्ण करा, कितीही घाई असो. पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणू संस्थेला महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत निपाह विषाणूविरुद्धच्या प्रतिपिंडांच्या खुणा सापडल्या आहेत. याचा अर्थ ती मारायची असा नाही. पण हातमोजे, मास्क आणि जाणत्या माणसाची सोबत हवीच. जात ओळखायला अडलं तर आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र आहे. आधी पत्र पाठवून, वेळ ठरवून जा.

वनखात्याच्या परवानगीचा अर्ज विषय ठरला त्याच आठवड्यात टाका. त्यात जात, जागा, किती नमुने आणि पंखाचा तुकडा केवढा हे स्पष्ट लिहा. उत्तर येईपर्यंत एटीएम हे एकच जनुक घ्या आणि दहा जातींत त्याची जुळणी हाताने तपासून ठेवा.