मृगाआधीची घाई आणि पाठीचा मणका

मे सरत आला की मुरबाड, शहापूर, बदलापूर पट्ट्यात उंचावरची सगळी कामं एकदम अंगावर येतात. उरलासुरला आंबा उतरवायचा, जांभूळ काढायचं आणि मृग लागायच्या आत घर शाकारायचं. माणूस पडतो तो याच घाईत. मणक्याच्या मोठ्या दुखापती आपल्याकडे मुख्यतः वाहनांच्या अपघातांमुळे आणि उंचावरून पडल्यामुळे होतात. खेड्यापाड्यांत पडण्याचं प्रमाण मोठं, आणि जायबंदी होणारे बहुतेक घरातले कमावते तरुण.

जांभळाला सगळ्यात जास्त जपा. आंब्याची फांदी मोडण्याआधी वाकते, करकरते. जांभळाचं लाकूड ठिसूळ, ते कटकन तुटतं. म्हणून फांदीवर भरवसा न ठेवता बांबूची परांची बांधा आणि खाली जाळी धरा. वळवाची सर पडून गेली असेल तर त्या दिवशी चढूच नका, साल निसरडी झालेली असते. आंब्यासाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा नूतन झेला वापरा. जमिनीवर उभं राहून देठासकट फळ निघतं, चीकही अंगावर येत नाही.

सिमेंटच्या पत्र्यावर पाय ठेवायचा तो बोल्टांच्या रांगेवरच, कारण आधाराचा वासा तिथेच असतो. त्यावरही आडवी फळी टाकून चाला. जुना पत्रा वरून धड दिसतो आणि पायाखाली फुटतो. शाकारणीला एकट्याने वर जाऊ नका.

पायांवर किंवा बुडावर आपटलेल्या माणसाचा छाती आणि कंबर जुळते तिथला मणका चेपतो. मज्जारज्जू दबला तर पायातली ताकद जाते, लघवीवरचा ताबाही जातो. मात्र मणका मोडला तरी मज्जारज्जू शाबूत असू शकतो, आणि आपण उचलताना त्याला इजा करू शकतो. त्यामुळे पडलेल्याला उठवून बसवू नका, पाणी पाजू नका, मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून तर मुळीच नेऊ नका. 108 ला फोन लावा. एकाने डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरावं. पायाची बोटं हलतात का, स्पर्श कळतो का, ते विचारून डॉक्टरांना सांगा. गाडी पोचणारच नसेल तर चौघांनी मिळून डोकं, खांदे, कंबर एका रेषेत ठेवून त्याला कुशीवर वळवा आणि खाली दाराची फळी सरकवा. झोळी किंवा घोंगडी नको, त्यात पाठ वाकते.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत उंचावरून पडणंही धरलं आहे. मृत्यू किंवा दोन अवयव निकामी झाल्यास 2 लाख, एक अवयव गेल्यास 1 लाख रुपये मिळतात. अर्ज 30 दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यायचा. पण ही मदत सातबाराधारक आणि त्याच्या कुटुंबातल्या एका सदस्यापुरतीच आहे. तुमच्या जांभळावर रोजंदारीने चढणाऱ्या भूमिहीन कातकरी पोराला ती मिळत नाही, तेव्हा परांचीचा खर्च बागमालकानेच करावा.